रेंज रोव्हर पी३८ए : सामान्य दोष व दुरुस्त्या

रेंज रोव्हर पी३८ए ही ब्रिटिश मोटार उत्पादक लँड रोव्हरच्या रेंज रोव्हर या आलिशान एसयूव्हीची दुसरी पिढी होय. तिचे उत्पादन इंग्लंडमधील सॉलिहल येथील कारखान्यात १९९४ ते २००१ या काळात झाले. मजबूत सांगाडा आणि दुर्गम वाटेवरील क्षमता यांसाठी ही गाडी ओळखली जाते; मात्र हवेवर चालणारे सस्पेन्शन, विद्युत यंत्रणा आणि इंजिनाची शीतन यंत्रणा यांतील वारंवार उद्भवणाऱ्या दोषांमुळे तिच्या विश्वासार्हतेवर टीकाही झाली.

पार्श्वभूमी

पहिली रेंज रोव्हर १९७० साली बाजारात आली. तिच्या उत्तराधिकारी गाडीला 'पी३८ए' हे सांकेतिक नाव सॉलिहल येथील ज्या इमारतीत तिच्या विकासाचे काम झाले, त्या इमारतीच्या क्रमांकावरून मिळाले. या गाडीसाठी ४.० व ४.६ लिटरचे रोव्हर व्ही८ पेट्रोल इंजिन आणि बीएमडब्ल्यूचे २.५ लिटरचे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन असे पर्याय होते. याच काळात कंपनीची मालकी १९९४ मध्ये बीएमडब्ल्यूकडे व २००० मध्ये फोर्डकडे गेली. २००८ मध्ये मुंबईस्थित टाटा मोटर्सने जग्वार व लँड रोव्हर विकत घेतल्या; तोवर या पिढीचे उत्पादन थांबून बरीच वर्षे लोटली होती.

एअर सस्पेन्शन

या गाडीत पोलादी स्प्रिंगांऐवजी चारही चाकांवर रबरी एअर स्प्रिंग आहेत. कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरतो, व्हॉल्व्ह ब्लॉक ती स्प्रिंगांकडे सोडतो आणि प्रत्येक चाकाजवळील सेन्सर उंची मोजतात. कालांतराने रबराला भेगा पडतात व व्हॉल्व्ह ब्लॉकमधील ओ-रिंग कडक होतात. हवा गळू लागली की ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सतत चालतो आणि त्याचे पिस्टन सील झिजते. त्यामुळे कॉम्प्रेसर निकामी होणे हा अनेकदा मूळ दोष नसून गळतीचा परिणाम असतो. गळती न काढता केवळ नवा कॉम्प्रेसर बसवल्यास तोही लवकर खराब होतो.

गंभीर दोष आढळल्यास गाडी रबरी अडथळ्यांवर खाली बसते व वेग ताशी ३५ मैलांपेक्षा अधिक न ठेवण्याची सूचना दिसते. नोंदवलेला दोष पुसण्यासाठी निदान उपकरण लागते. गळती शोधण्यासाठी जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहतात. एअर स्प्रिंग व ओ-रिंग बदलणे ही प्रमुख दुरुस्ती आहे. काही मालक संपूर्ण यंत्रणा काढून पोलादी कॉइल स्प्रिंग बसवतात. त्यामुळे खर्च व गुंतागुंत कमी होते, परंतु गाडीची उंची बदलण्याची सोय नाहीशी होते.

विद्युत यंत्रणा

दिवे, कुलुपे, खिडक्या व चोरीविरोधी यंत्रणा यांचे नियंत्रण पुढच्या आसनाखालील बीईसीएम या मध्यवर्ती घटकाकडे असते. सुरुवातीच्या गाड्यांमधील रिमोट किल्लीचा रिसीव्हर परिसरातील इतर रेडिओ लहरींनीही जागा होत असे. तो बीईसीएमला वारंवार जागे करी आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरे. यावर उपाय म्हणून सुधारित रिसीव्हर बसवला जातो. बॅटरी पूर्ण उतरल्यानंतर किल्ली व गाडी यांचा मेळ तुटू शकतो व इंजिन सुरू होत नाही. अशा वेळी चालकाच्या दाराच्या कुलपात किल्ली ठरावीक क्रमाने फिरवून चार अंकी आपत्कालीन संकेतांक द्यावा लागतो. म्हणून जुनी गाडी घेताना तो मिळवणे महत्त्वाचे ठरते.

दाराच्या कुलपातील सूक्ष्म स्विच झिजणे, इंजिनकक्षातील फ्यूजपेटी तापून वितळणे आणि वातानुकूलन यंत्रणेच्या झडपा फिरवणाऱ्या मोटारी बंद पडणे हे दोषही आढळतात. यांपैकी शेवटच्या दोषात नियंत्रण पटलावर पुस्तकाचे चिन्ह उमटते.

इंजिन व शीतन यंत्रणा

व्ही८ इंजिनाचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा व सिलिंडर लायनर बिडाचे आहेत. उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा अधिक प्रसरण पावते. त्यामुळे इंजिन अतिशय तापल्यास लायनरची पकड सैल होऊन तो सरकू शकतो किंवा लायनरमागील ब्लॉकला तडा जाऊ शकतो. बाहेर गळती न दिसता कूलंट कमी होणे, शीतन यंत्रणेत दाब वाढणे आणि इंजिनातून टकटक आवाज येणे ही त्याची लक्षणे होत. हेड गॅस्केट खराब झाल्यावरही काही लक्षणे अशीच असतात. त्यामुळे केवळ गॅस्केट बदलून दोष गेला असे गृहीत धरता येत नाही. वरच्या कडेला पट्टी असलेले 'टॉप हॅट' लायनर बसवणे हा टिकाऊ उपाय मानला जातो, कारण ही पट्टी सिलिंडर हेडखाली दाबली गेल्याने लायनर सरकू शकत नाही.

हीटरच्या नळ्यांच्या जोडांतील ओ-रिंगही जीर्ण होतात व कूलंट पायाखालच्या गालिच्यात झिरपते. सुटा भाग स्वस्त असला तरी तेथवर पोहोचण्याचे काम वेळखाऊ आहे.

चालन यंत्रणा

पुढील व मागील आसांमधील वेगाचा फरक सामावून घेणारे व्हिस्कस कपलिंग जुने झाल्यावर घट्ट होऊ शकते. तीव्र वळणावर गाडी अडखळणे व टायर घासणे हे त्याचे लक्षण असते. याकडे दुर्लक्ष केल्यास प्रॉपेलर शाफ्ट व डिफरन्शियलवर अतिरिक्त ताण येतो.

देखभाल

या गाड्यांची किंमत कालांतराने बरीच उतरली, परंतु दुरुस्तीचा खर्च त्या प्रमाणात उतरला नाही. त्यामुळे देखभाल लांबणीवर पडून किरकोळ दोषांचे मोठे बिघाड झाले आणि अनेक गाड्या सुट्या भागांसाठी मोडल्या गेल्या. कूलंटची पातळी नियमित तपासणे, रबरी भाग वेळेवर बदलणे आणि बॅटरी सुस्थितीत ठेवणे या उपायांनी वरीलपैकी बरेच बिघाड टाळता येतात.