सरोवरावरची घरगुती होडी

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात दहा एकर किंवा त्याहून मोठी अशी ११,८४२ सरोवरे आहेत. शेजारच्या विस्कॉन्सिन आणि मिशिगन राज्यांतही ती हजारोंनी आहेत. हिमयुग ओसरताना मागे हटलेल्या हिमनद्यांनी हा प्रदेश खरवडला आणि खळग्यांत पाणी साठले. यातली बरीच सरोवरे लहान असली, तरी वारा सुटला की त्यांवर लाटा उठायला वेळ लागत नाही. वसंतात बर्फ वितळल्यावरही पाणी कितीतरी दिवस बोचरे थंड राहते. मे महिन्यात मिनेसोटात वॉलआय या माशाचा हंगाम खुला होतो, तेव्हा आईवडील, मुले आणि आजीआजोबा एकाच होडीत बसून पाण्यावर जातात. ही रीत तिथे फार जुनी मानली जाते. पण वाटाड्या न घेता, स्वतःच्या होडीतून अख्ख्या घराने मासेमारीला जाणे हे मुख्यतः विसाव्या शतकात रुळले. त्याआधी होडी जड होती, ती चालवायला सरावलेले हात लागत, किंवा ती सामान्य घराच्या ऐपतीबाहेर होती.

या पाण्यावरची जुनी घरगुती होडी म्हणजे ओजिब्वे आणि इतर मूलनिवासी समाजांची भूर्जसालीची कनू. भूर्जाची साल स्प्रूसच्या मुळांनी शिवायची, आत सिडारच्या पातळ फासळ्या बसवून ती ताणायची आणि शिवणीवर झाडाचा चीक लिंपायचा, अशी तिची बांधणी असे. दोन सरोवरांमधली जमिनीची वाट ती खांद्यावर घेऊन पार करता येई. उन्हाळ्याच्या अखेरीस याच होडीतून पाण्यात उगवणारा जंगली तांदूळ झोडून गोळा केला जाई; एक जण होडी पुढे ढकली आणि दुसरा काठ्यांनी लोंब्या आत वाकवून दाणे पाडी. मासेमारी, प्रवास आणि धान्य या तिन्ही गोष्टींना एकच होडी पुरे. कुटुंबाच्या गरजेतून घडलेली आणि एका माणसाला उचलता येणारी होडी या प्रदेशात शतकानुशतके होतीच, हे पुढचा इतिहास वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे. नंतर आलेल्या गोऱ्या वस्तीच्या जड लाकडी नावांना तो हलकेपणा पुन्हा मिळवायला बराच काळ लागला.

एकोणिसाव्या शतकात हौशी मासेमारी हा शहरी, पैसेवाल्या पुरुषांचा छंद होता. न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत पाहुण्याला सरोवरांवर फिरवणारे वाटाडे असत आणि त्यांनी स्वतःसाठी एक देखणी नाव घडवली होती. स्प्रूसच्या वळणदार मुळांतून कोरलेल्या फासळ्या आणि त्यांवर अगदी पातळ फळ्या, अशी ती सोळाएक फुटांची ‘गाइडबोट’ वाटाड्या डोक्यावर पालथी घालून जंगलातून नेई. १८६९ मध्ये बॉस्टनचे धर्मोपदेशक विल्यम मरे यांचे ‘अ‍ॅडव्हेंचर्स इन द विल्डरनेस’ हे पुस्तक निघाले आणि या डोंगरांकडे प्रवाशांची रीघ लागली. स्त्रियांनीही इथे यावे असे मरे यांनी त्यात आवर्जून लिहिले होते. तरीही नाव वल्हवायची वाटाड्याने आणि मागे बसून गळ टाकायचा पाहुण्याने, ही वाटणी कायम होती. वाटाड्याची मजुरी परवडणाऱ्यालाच सरोवर खुले होते.

मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात हे चित्र बदलले ते लाकूडतोडीचा धंदा ओसरल्यावर. जंगल साफ झालेल्या काठांवर लहान लहान लाकडी घरे उभी राहिली आणि ती आठवड्याच्या भाड्याने दिली जाऊ लागली. भाड्यात बहुधा एक वल्ह्यांची होडीही असे. शहरातला कारकून किंवा कारखान्यातला कामगार आता बायकामुलांसह इथे येऊ शकत होता. होडी मात्र त्याला दमवी. हिवाळाभर कोरड्या पडलेल्या लाकडी होडीच्या फळ्या आकसत, म्हणून हंगामापूर्वी तिला पाण्यात बुडवून ठेवावे लागे. फळ्या फुगल्या की फटी बुजत. दरवर्षी रंग, दरवर्षी सांधे भरणे. मासे दोन मैलांवर असतील तर तिथवर वल्हवत जायचे आणि उलट्या वाऱ्यात परतही यायचे. लहान मुलांना सोबत घेऊन असे अंतर कापणे धाडसाचेच होते.

वल्ह्यांचा हा जाच आउटबोर्ड मोटरने मोडला. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची आणि काम झाले की काढून घ्यायची अशी पेट्रोलवरची मोटर कॅमेरन वॉटरमन यांनी १९०५ च्या सुमारास मिशिगनमध्ये तयार केली होती. घराघरांत ती पोहोचवली मात्र ओली एव्हिनरूड यांनी. नॉर्वेत १८७७ मध्ये जन्मलेले ओली लहानपणीच विस्कॉन्सिनला आले आणि मिलवॉकीत यंत्रकारागीर झाले. १९०६ च्या उन्हाळ्यात ओकॉची सरोवरावर मित्रमंडळींसह सहलीला गेले असताना बेस कॅरी या तरुणीने आइसक्रीमची इच्छा बोलून दाखवली, ओली ते आणायला वल्हवत पलीकडच्या काठाला गेले आणि परत येईपर्यंत ते वितळून गेले, अशी कथा सांगितली जाते. त्याच वर्षी दोघांचे लग्न झाले. १९०९ मध्ये बाजारात आलेली त्यांची मोटर दीड अश्वशक्तीची होती. वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो, आणि किंमत ६२ डॉलर.

या धंद्यात बेस एव्हिनरूड यांचा वाटा ओलींइतकाच मोठा आहे आणि तो ठळकपणे नोंदवायला हवा. पत्रव्यवहार, हिशेब आणि जाहिराती त्या पाहत. वल्ही फेकून द्या आणि मोटर लावा, असे सांगणारी कंपनीची प्रसिद्ध जाहिरात त्यांनीच लिहिली. पुढे बेस यांची प्रकृती ढासळल्यामुळे या जोडप्याने कंपनी भागीदाराला विकली. काही वर्षांनी ओलींनी अ‍ॅल्युमिनियमचा भरपूर वापर करून दोन सिलिंडरची नवी हलकी मोटर बनवली आणि १९२० च्या दशकाच्या आरंभी ‘एल्टो’ या नावाने ती विकायला काढली. त्याच सुमारास इंडियानातल्या जॉन्सन बंधूंची साधारण १६ किलोंची मोटर बाजारात आली. एका हातात उचलून मोटारगाडीच्या डिकीत टाकता येईल असे यंत्र आता मिळू लागले. सुट्टीवर येणारे कुटुंब स्वतःची मोटर घेऊन येई आणि भाड्याच्या लाकडी होडीला लावी. वाटाड्याची गरज इथे संपली. पण होडी तीच, जुनी आणि जड राहिली.

ती बदलली दुसऱ्या महायुद्धानंतर. ग्रमन या विमाने बनवणाऱ्या कंपनीतले उपाध्यक्ष विल्यम हॉफमन १९४४ मध्ये अ‍ॅडिरॉन्डॅकमध्ये सुट्टीवर होते. लाकूड आणि कॅनव्हासची जड कनू उचलून जंगलातून नेताना, हीच विमानाच्या पत्र्याची का करू नये, असे त्यांच्या मनात आले. १९४५ मध्ये ग्रमनची अ‍ॅल्युमिनियमची कनू तयार होऊ लागली. युद्ध संपल्यावर पत्रा मुबलक होता, तो ताणून आकार देण्याची यंत्रे रिकामी होती आणि रिव्हेट ठोकणारे कसबी कामगार हाताशी होते. पुढच्या काही वर्षांत मिनेसोटातच अ‍ॅल्युमाक्राफ्ट, क्रेस्टलाइनर आणि लुंड या कंपन्या उभ्या राहिल्या. हॉवर्ड लुंड यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्क मिल्स या छोट्या गावात बदकांच्या शिकारीसाठी स्वतःपुरती एक पत्र्याची होडी बनवली आणि त्यातून हा कारखाना वाढला.

चौदा ते सोळा फुटांची, तीन-चार आडव्या बाकांची, उघडी अ‍ॅल्युमिनियमची होडी ही या सगळ्या इतिहासातली खरी कौटुंबिक होडी म्हटली पाहिजे. पत्रा फुगत नाही, आकसत नाही, कुजत नाही. रंग न देताही तो टिकतो. दोन मोठी माणसे तिला वाळूवर ओढून घेतात. मागच्या बाकावर मोटरचा दांडा धरून एक जण बसतो, मधल्या बाकावर मुले आणि डबे, पुढे नांगर सांभाळणारा. कोणती माणसे कुठे बसणार हे बाकांनीच ठरवून दिले होते आणि त्यामुळे वजनही आपोआप वाटले जाई. तिचे दोषही उघड आहेत. पत्र्यावर काहीही आपटले की आवाज पाण्यात जातो आणि उथळ जागेतले मासे बिचकतात. उन्हात बाक तापतात. रिव्हेट सैल झाले की पाणी झिरपते. होडी हलकी असल्यामुळे वारा तिला बाजूला रेटतो. तरीही चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या अशा होड्या आजही त्या सरोवरांवर चालताना दिसतात, आणि एका घराच्या दोन-तीन पिढ्यांनी एकच होडी वापरणे तिथे नवलाचे नाही.

होडी हलकी झाली तशी ती रस्त्यावरही आली. मोटारगाडीमागे जोडायचा ट्रेलर सर्वसामान्य झाला. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने गळकाठ्या आणि तत्सम साहित्यावरच्या कराचा पैसा राज्यांच्या मत्स्यसंवर्धनाकडे वळवला आणि १९८४ च्या दुरुस्तीने त्यात होड्यांच्या इंधनावरील कराची भर पडून होड्या पाण्यात सोडायचे उतार बांधायलाही पैसा मिळाला. काठावर स्वतःचे घर नसलेल्या कुटुंबाला सार्वजनिक उतारावरून होडी पाण्यात सोडता येऊ लागली. या कायद्यांची कामगिरी यंत्रांपेक्षा कमी लेखता येणार नाही.

१९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मात्र होड्यांच्या वाटा फुटल्या. फायबरग्लासमुळे हवा तो आकार साच्यातून काढता येऊ लागला. दक्षिणेत धरणांचे मोठे जलाशय तयार झाले होते आणि तिथे बास माशाच्या मागे वेगाने धावणारी, बुटक्या कडांची, दोन-तीन माणसांची ‘बास बोट’ घडली. लुईझियानात १९४८ मध्ये होम्स थर्मंड यांनी तिचा पहिला नमुना बांधला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बक्षिसांच्या स्पर्धा सुरू झाल्यावर तिचा प्रसार झाला. स्पर्धकासाठी ती उत्तम आहे. पण कडा बुटक्या, बसायच्या जागा कमी आणि मोटर प्रचंड, त्यामुळे लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना तिच्यात स्थान उरले नाही.

याच्या नेमके उलट टोक मिनेसोटातच जन्माला आले. रिचमंड गावचे अ‍ॅम्ब्रोज विअरेस यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लोखंडी पिंपांच्या दोन रांगांवर लाकडी तक्तपोशी ठोकून एक तरंगता ओटा केला. यातून पॉन्टून बोट आली. तिला वेग नव्हता, पण ती डुलत नसे. आजी खुर्चीत बसू शके, मुले उभी राहून गळ टाकू शकत आणि सभोवती कठडा असे. मोठ्या लाटांत आणि जोरदार वाऱ्यात ती हाताळायला अवघड जाते, हे खरे. शांत, मध्यम आकाराच्या सरोवरावर तीन पिढ्यांना एकत्र नेण्याचे काम तिच्याइतके दुसऱ्या कोणत्याही होडीने केलेले नाही.

सुरक्षिततेचे नियम या सगळ्यांच्या मागून आले. होडी बुडण्यापेक्षा माणूस होडीतून पडणे हा लहान होड्यांवरचा मोठा धोका आहे: मासा आत घ्यायला कोणी उभे राहते, दुसरा त्याच बाजूला झुकतो आणि तोल जातो. थंड पाण्यात पोहता येणाऱ्याचाही श्वास पहिल्या मिनिटातच विस्कटतो. १९७१ च्या संघीय नौका सुरक्षा कायद्याने तटरक्षक दलाला होड्यांच्या बांधणीचे निकष ठरवण्याचा अधिकार दिला. त्यानंतर वीस फुटांखालच्या बहुतेक मोटरहोड्यांवर क्षमतेची पट्टी सक्तीची झाली. किती माणसे, एकूण किती वजन आणि जास्तीत जास्त किती अश्वशक्ती, हे तिच्यावर लिहिलेले असते. पाणी भरले तरी होडी सपाट तरंगत राहावी म्हणून बाकांखाली फोम भरणे आले. पट्टी नसलेल्या जुन्या होडीसाठी एक ढोबळ हिशेब वापरतात: फुटांतली लांबी आणि रुंदी यांचा गुणाकार करून पंधराने भागायचे. चौदा फूट लांब आणि पाच फूट रुंद होडीत म्हणजे चारच माणसे, तीही हवा शांत असताना. मिनेसोटाने २००५ पासून दहा वर्षांखालच्या मुलांना चालत्या होडीत लाइफ जॅकेट सक्तीचे केले. संघीय नियम तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. चालक पाण्यात पडला तर मोटर बंद करणारी दोरी स्वतःला बांधून घेणे २०२१ पासून बहुतेक लहान मोटरहोड्यांवर बंधनकारक आहे.

मासे शोधण्याची रीतही बदलली. कार्ल लॉरन्स यांच्या कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ट्रान्झिस्टरवर चालणारे, होडीत नेण्याजोगे ध्वनिशोधक यंत्र आणले. त्याआधी तळाची खोली दोरीला शिसे बांधून मोजत आणि चांगली जागा काठावरच्या झाडांच्या खुणांनी लक्षात ठेवत. हे ज्ञान घराण्यात राही. यंत्राने ते कोणालाही खुले केले. बॅटरीवर चालणारी छोटी मोटर त्याहून जुनी आहे. १९३४ मध्ये मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर सुरू झालेल्या कंपनीने तिला दोन्ही राज्यांच्या नावांवरून ‘मिन कोटा’ म्हटले. आवाज न करता सावकाश सरकण्यासाठी कौटुंबिक होडीवर तिचा उपयोग पेट्रोलच्या मोटरइतकाच होतो.

अलीकडे निवडीत पाण्याचे आरोग्यही मोजावे लागते. जुन्या टू-स्ट्रोक मोटरी बरेच इंधन न जळताच पाण्यात सोडत. १९९६ च्या संघीय नियमांनंतर फोर-स्ट्रोक मोटरींनी त्यांची जागा घेतली. एव्हिनरूड हे नाव लावून मोटरी बनवणे २०२० मध्ये थांबले. झेब्रा शिंपला हा परका जीव १९८८ मध्ये ग्रेट लेक्सच्या भागात सापडला आणि होड्यांच्या तळाला चिकटून, उरलेल्या पाण्यातून एका सरोवरातून दुसऱ्यात पसरत गेला. म्हणून मिनेसोटात होडी रस्त्यावरून नेताना तळाचे बूच काढून ठेवणे कायद्याने आवश्यक आहे. पाण्याबाहेर आल्याबरोबर होडी रिकामी करायची, ट्रेलरला अडकलेले पाणगवत काढायचे आणि मगच निघायचे, असा तिथला नियम आहे.