पित्याची युद्धसेवा आणि पुत्राची संचलनधून : चार्ल्स आईव्ह्ज यांच्या ‘डेकोरेशन डे’चा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
युद्धाचा इतिहास प्रामुख्याने सेनापती, लढाया आणि तह यांच्या आधारे लिहिला जातो. सैन्याबरोबर चालणाऱ्या वादकांची नोंद त्यात क्वचितच आढळते. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-१८६५) बँडप्रमुख म्हणून सेवा बजावलेल्या जॉर्ज आईव्ह्ज यांचे स्मरण त्यांचे पुत्र, संगीतकार चार्ल्स आईव्ह्ज (१८७४-१९५४) यांनी ‘डेकोरेशन डे’ या रचनेत जपले आहे. अशी रचना इतिहासाचे साधन म्हणून कितपत ग्राह्य मानावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वादक सैनिक :
जॉर्ज आईव्ह्ज (१८४५-१८९४) हे कनेक्टिकट राज्यातील डॅनबरीचे रहिवासी. किशोरवयातच ते कनेक्टिकटच्या पहिल्या अवजड तोफखाना पलटणीच्या बँडचे प्रमुख झाले. उत्तरेच्या सैन्यातील ते सर्वांत तरुण बँडप्रमुख होते आणि त्यांच्या बँडची वाखाणणी खुद्द अध्यक्ष लिंकन यांनी केली होती, असे कुटुंबात सांगितले जाई. युद्धानंतर त्यांनी गावातील बँडचे नेतृत्व केले. परंतु टोप्यांच्या कारखानदारीवर भरभराटलेल्या त्या गावात, तेही व्यापारी घराण्यात, संगीतावर जगू पाहणाऱ्यास फारशी प्रतिष्ठा नव्हती. अखेरच्या काळात त्यांना बँकेत कारकुनी पत्करावी लागली. ४ नोव्हेंबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा चार्ल्स नुकतेच येल विद्यापीठात दाखल झाले होते.

रचनेचे स्वरूप :
जनरल जॉन लोगन यांच्या आदेशानुसार ३० मे १८६८ रोजी यादवी युद्धातील मृत सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहण्यात आली आणि पुढे ही प्रथा देशभर रूढ झाली. आईव्ह्ज यांची रचना डॅनबरीतील हा दिवस क्रमाने उभा करते. पहाटेची फुलवेचणी, वूस्टर दफनभूमीकडे जाणारी संथ मिरवणूक, थडग्यांपाशी वाजणारा ‘टॅप्स’ हा बिगुल आणि त्याखाली ऐकू येणारे भक्तिगीत. त्यानंतर एकदम डेव्हिड वॉलिस रीव्हज यांची ‘सेकंड रेजिमेंट’ ही संचलनधून दुमदुमते आणि गाव परतीच्या वाटेला लागतो. शेवटी ती थांबते व पहाटेचे मंद सूर पुन्हा उमटतात. मूळ रचना ऑर्केस्ट्रासाठी असली, तरी जोनाथन एल्कस यांच्या रूपांतरामुळे ती बँडच्या मैफलीतही वाजते.

विवेचन :
येथे एक बाब लक्षणीय आहे. ‘टॅप्स’ हा बिगुल १८६२ मधील, म्हणजे प्रत्यक्ष युद्धकाळातील आहे; रीव्हज यांची धून मात्र युद्ध संपल्यानंतरची आहे. जॉर्ज यांनी ती रणभूमीवर वाजवणे शक्यच नव्हते. चार्ल्स यांनी ती बालपणी, वडिलांच्या बँडच्या काळात ऐकली आणि तेराव्या वर्षी रचलेल्या ‘हॉलिडे क्विकस्टेप’मध्ये तिचेच वळण गिरवले. म्हणजेच पुत्राने पित्याची युद्धसेवा गौरवण्यासाठी युद्धातली नव्हे, तर परतलेल्या सैनिकाच्या गावातली धून निवडली. पुढे जॉर्ज यांनाही त्याच वूस्टर दफनभूमीत चिरविश्रांती मिळाली. त्यामुळे या रचनेत पिता दोनदा भेटतो : मिरवणुकीचा बँडप्रमुख म्हणून आणि फुले वाहिली जाणाऱ्या थडग्यात.

मात्र सावधगिरी आवश्यक आहे. जॉर्ज यांच्याविषयीची बरीच माहिती पुत्राच्याच आठवणींतून येते. या आठवणी १९३० च्या दशकात सांगितलेल्या असून १९७२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. मेनार्ड सॉलोमन यांनी १९८७ मध्ये चार्ल्स यांनी आपल्या रचनांना दिलेल्या तारखांच्या विश्वसनीयतेवरच प्रश्न उपस्थित केले. त्यामुळे कौटुंबिक आख्यायिका पुरावा म्हणून स्वीकारता येत नाहीत.

निष्कर्ष :
‘डेकोरेशन डे’ हे युद्धाचे साधन नसून युद्धस्मृतीचे साधन आहे. पलटणीने युद्धात काय केले, हे त्यातून कळत नाही. परतलेल्या सैनिकांना गावाने कसे स्मरले आणि गावाने ज्याला पुरेसा मान दिला नाही अशा वादकाला पुत्राने तो कसा मिळवून दिला, हे मात्र कळते. परतीच्या धूनखालीही अनेक सैनिकांच्या मनात दिवसाचा विषाद कायम असतो, असे खुद्द आईव्ह्ज यांनी नमूद केले आहे. लष्करी दप्तरांत हा विषाद सापडत नाही. म्हणूनच दप्तरांच्या जोडीने अशा रचनांचाही इतिहासाच्या अभ्यासकांनी चिकित्सक उपयोग करणे अगत्याचे आहे.