'रॉबिन' : एका आगबोटीची हयात

आगबोटींचा इतिहास म्हटला की बहुतेकांना 'टायटॅनिक' आठवते. १९१२ साली पहिल्याच सफरीत बुडालेल्या त्या बोटीवर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले. पण तिच्याही बावीस वर्षे आधी लंडनमध्ये एक छोटी मालवाहू आगबोट पाण्यात उतरली होती. तिच्यावर ना श्रीमंत उतारू होते, ना दिवाणखाने. चौऱ्याऐंशी वर्षे ती निमूटपणे ओझे वाहत राहिली आणि आजही शाबूत आहे. तिचे नाव 'रॉबिन'.

टेम्स नदीला बो क्रीक जिथे मिळते, त्या भागातल्या ऑर्चर्ड हाऊस कारखान्यात १८९० साली 'रॉबिन' आणि तिची जोडीदार 'रूक' बांधल्या गेल्या. लांबी जेमतेम १४३ फूट. इंजिन आणि बॉयलर बसवण्यासाठी तिला स्कॉटलंडमधील डंडी बंदरात नेण्यात आले. हे इंजिन तीन सिलिंडरचे आहे. बॉयलरमधली वाफ आधी लहान सिलिंडरला, मग मधल्याला आणि शेवटी मोठ्याला रेटते. एकाच वाफेकडून तीनदा काम घेतल्याने कोळसा कमी लागतो आणि वाचलेल्या जागेत जास्त माल भरता येतो. धान्य, लोहखनिज, चिनीमाती, छपरांच्या पाटीदगडाचे थर, असे जे मिळेल ते घेऊन 'रॉबिन' किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत असे. ट्रक येण्याआधी बराचसा बाजार अशाच बोटींवर चालत होता.

ऑर्चर्ड हाऊसच्या शेजारीच ईस्ट इंडिया गोदी होती. त्या काळी लंडनच्या गोद्यांत हिंदुस्थानी खलाशी मोठ्या संख्येने उतरत. इंग्रज त्यांना 'लस्कर' म्हणत. मुंबईहून निघणाऱ्या बोटींच्या डेकवर कोकणातले मुसलमान सारंग, टंडेल आणि खलाशी असत. परमुलखात उघड्यावर पडलेल्या आशियाई खलाशांसाठी १८५७ साली लंडनच्या लाइमहाऊस भागात एक निवारागृह उघडावे लागले, यावरून त्यांच्या हालांची कल्पना येते. आपली माणसे राबत ती दूरदेशी जाणाऱ्या मोठ्या बोटींवर, 'रॉबिन'सारख्या बोटींवर नव्हे. पण भट्टीत कोळसा लोटणाऱ्या आगवाल्याचा घाम लहान बोटीवर काय आणि मोठ्या बोटीवर काय, सारखाच.

१९०० साली 'रॉबिन' स्पेनमध्ये विकली गेली आणि 'मारिया' झाली. पुढची चौऱ्याहत्तर वर्षे तिने याच नावाने काम केले. पहिल्या महायुद्धात तिने फ्रेंच सरकारसाठी लोखंड वाहिले, तेही विनाशिकांच्या पहाऱ्यात. स्पेनचे यादवी युद्ध आले आणि गेले, दुसरे महायुद्ध सरले. मालक बदलले. साठच्या दशकात कोळशाऐवजी तेल आले, धुराडे आखूड झाले. इंजिन मात्र तेच राहिले.

१९७४ साली ती भंगारात निघणार होती. तेवढ्यात ब्रिटनच्या मेरिटाइम ट्रस्टने ती विकत घेतली. ती स्वतःच्या वाफेवर चालत इंग्लंडला परतली आणि तिला जुने नाव मिळाले. तरीही तिची परवड संपली नाही. २००२ साली ती एका पौंडाच्या नाममात्र किमतीला विकली गेली. पुढे तिचे पत्रे पाण्यावर तरंगण्याच्या लायकीचे उरले नाहीत, म्हणून २०१० साली तिला एका तराफ्यावर चढवण्यात आले. २०२३ साली ती ट्रिनिटी बॉय व्हार्फला आली, म्हणजे जिथे जन्मली त्याच बो क्रीकच्या तोंडाशी.

एका सामान्य बोटीसाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. वर्गात इतिहास शिकवताना मुलांना बादशहा आणि लढाया पाठ असतात. बादशहाचे धान्य कोणी वाहिले, हे मात्र पुस्तकात नसते. 'रॉबिन' त्या न लिहिलेल्या पानाचा पुरावा आहे. पण बोट जपली म्हणून तिच्यावर राबलेल्यांची आयुष्ये आपोआप जपली जात नाहीत. तो हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत पेटीच्या तळाशी आजोबांचा बोटीवरील नोकरीचा दाखला असेल. जुने खलाशी त्याला 'नळी' म्हणत. त्यावर बोटीचे नाव असेल, हुद्दा असेल, तारखा असतील. एक पौंडही न मोजता जपता येईल असा हा इतिहास आहे. वाळवी लागण्याआधी तो एकदा बाहेर काढून वाचायला हवा आणि घरातल्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवायला हवा.