बीडच्या पोथ्या आणि मराठीची ग्रंथविद्या

१८६७ साली ब्रिटिश सरकारने पंचविसावा कायदा केला. त्यानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात जमा करणे छापखान्यांवर बंधनकारक झाले आणि दर तिमाहीला त्या पुस्तकांची यादी राजपत्रात येऊ लागली. यादीचे रकाने ठरलेले होते : पुस्तकाचे नाव, भाषा, लेखक, विषय, छापण्याचे ठिकाण, मुद्रक व प्रकाशक, तारीख, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, शिळाछाप की खिळाछाप, किंमत आणि हक्कधारकाचे नाव. १८५७ च्या उठावाला तेव्हा दहाच वर्षे झाली होती आणि देशी छापखान्यांतून काय बाहेर पडते, यावर सरकारला नजर ठेवायची होती. पुढे अभ्यासकांच्या दृष्टीने याच याद्या मराठी ग्रंथव्यवहाराचा पहिला सलग दस्तऐवज ठरल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेतला, तो मुंबई इलाख्यातील अशाच नोंदींच्या आधारे.

बीड या यादीच्या बाहेर होते. जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तिथे ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा चालत नव्हता. संस्थानाचा कारभार आधी फारसीत आणि नंतर उर्दूत होता, आणि अंबाजोगाईला सरकारी कागदात मोमिनाबाद म्हणत. त्यामुळे मुंबईच्या याद्या चाळून मराठी ग्रंथांचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला बीड जवळपास कोरे दिसते. मराठवाडा मागास, तिथे ग्रंथ कुठले, हा समज पसरण्यास जी कारणे झाली, त्यांत हे एक आहे, असे माझे मत आहे. नोंदवहीची हद्द हीच ज्ञानाची हद्द मानली गेली. प्रत्यक्षात बीडचे ग्रंथ होते, फक्त ते पोथ्यांच्या रूपात होते आणि त्यांची नोंद ठेवण्याची रीत वेगळी होती.

ती रीत बीडच्या शेजारी, गोदाकाठच्या पैठणात स्वच्छ दिसते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली पूर्ण झाली. तिच्या नकला होत गेल्या आणि पाठ बिघडले. पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला आणि शेवटी ओव्या जोडून हे काम केव्हा व का केले ते नोंदवले. पुढे कोणी ग्रंथात आपली ओवी घालू नये, असेही बजावले. या नोंदीत शके १५०६ आणि तारण संवत्सर अशा दोन गोष्टी आहेत, म्हणून ती आपल्याला पडताळून पाहता येते. शकात १२ मिळवावेत, ६० ने भागावे, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. १५०६ मध्ये १२ मिळवले की १५१८ होतात. त्यांना ६० ने भागले की बाकी १८ उरते, आणि साठ संवत्सरांत अठरावे तारण. शक आणि संवत्सर जुळतात, म्हणजे साल १५८४. पोथी लिहिणारे आपल्या लेखनात अशी दुहेरी खूण ठेवत असत, म्हणून नकलाकाराच्या हातून एक आकडा चुकला तरी दुसऱ्या खुणेवरून चूक पकडता येते. प्रतींची तुलना, शुद्धीचे कारण, कालनोंद आणि पुढच्यांसाठी नियम या चारही गोष्टी एकनाथांच्या कामात आहेत. पाठचिकित्सा आपल्याकडे मुद्रणाबरोबर आली, असे म्हणणाऱ्याने ही नोंद आधी वाचावी.

अंबाजोगाईत मात्र अशी नोंद वाचताना जपून पावले टाकावी लागतात. इथे मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या विवेकसिंधू या ग्रंथाच्या अखेरच्या नोंदीवरून त्याचा काळ शके १११०, म्हणजे ११८८ धरतात, आणि त्या आधारे तो ज्ञानेश्वरीच्याही आधीचा ठरतो. परंतु उपलब्ध प्रतींची भाषा त्या काळाच्या मानाने अर्वाचीन वाटते, हा आक्षेप जुना आहे. ग्रंथातले अंबानगर म्हणजे अंबाजोगाई की वैनगंगेकाठचे आंभोरे, हाही वाद आहे. अभिमानापोटी एक बाजू घेऊन मोकळे होणे सोपे आहे. साधार लिहायचे तर आज हातात असलेली प्रत केव्हाची, कोणी लिहिली आणि कोणाकडून आली, हे आधी विचारावे लागते. ग्रंथाचा काळ आणि प्रतीचा काळ वेगळे असतात, एवढे भान ठेवले तरी निम्मे वाद निवळतात.

त्याच गावातले संतकवी दासोपंत १५५१ साली जन्मले आणि १६१५ साली गेले. त्यांच्या गीतार्णवाची ओवीसंख्या परंपरा सव्वा लाख सांगते. पण ग्रंथनोंदीच्या शास्त्राची खरी परीक्षा घेते ती त्यांची पासोडी. अंबाजोगाईत जपलेले हे कापड सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे. त्यावर पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांपासून देहाची घडण कशी होते हा वेदान्तविषय, ओव्यांत आणि आकृत्यांसह मांडला आहे. आता १८६७ च्या यादीचे रकाने समोर ठेवा. पृष्ठसंख्या लिहायची तर पाने नाहीत. आवृत्ती नाही, प्रती नाहीत, किंमत नाही, मुद्रक नाही. उलट जे लिहायला हवे त्याला रकानाच नाही : कापड कोणते, शाई कोणती, मजकूर आणि आकृती कशा क्रमाने वाचायच्या, कापड उलगडून समोर पसरण्याची प्रथा काय, ते कोणत्या देवघरात राहिले. साचा बाहेरून आणला तर पासोडी त्यात ‘संकीर्ण’ म्हणून पडते. मराठीने स्वतःचा साचा केला, तर ती ठळक ओळीत येते.

बीडमधल्या पाटांगण या ठिकाणचे उदाहरण याहून बोलके आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना तिथून ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांच्या शुद्धीपूर्वीची आहे, असे त्यांनी मांडले. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली आणि त्याच साली तिच्या आधारे ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरणही प्रसिद्ध केले. पुढे १९६० च्या शासकीय आवृत्तीने राजवाडे संहिताच आधाराला घेतली. मात्र मूळ पोथी अभ्यासकांना तपासायला उरली नाही. छापील अक्षरे हाती राहिली, पण कागद, हस्ताक्षर, खाडाखोड, समासातल्या टिपा हा सगळा पुरावा गेला. त्यामुळे पोथीच्या वयाबद्दलचा राजवाड्यांचा निष्कर्ष पारखायला त्यांच्याच वर्णनाकडे परतावे लागते. राजवाड्यांचे ऋण मोठे आहे, ते या उदाहरणाने कमी होत नाही. पोथी छापली म्हणजे जतन झाली, असे मात्र यापुढे कोणी मानू नये.

स्वतःचा साचा घडवण्याचा विचार केवळ आपल्यापुरता नाही. चीनमध्ये आज ग्रंथसूची आणि प्रकाशनविद्येची स्वतःची ज्ञानव्यवस्था उभारण्याची चर्चा जोरात आहे. तिथल्या अभ्यासकांना मागे वळून पाहायला भक्कम आधार आहे. इ. स. पू. २६ मध्ये लिऊ श्यांग यांच्याकडे राजग्रंथालयातले ग्रंथ ताडण्याचे काम आले. ते प्रत्येक ग्रंथाच्या प्रती जुळवत, पाठ ठरवत आणि ग्रंथाचा परिचय लिहीत. त्यांचे पुत्र लिऊ शिन यांनी त्यावरून वर्गवार सूची केली. ती सूची नष्ट झाली, पण बान कू यांनी हान घराण्याच्या इतिहासात तिचा सारांश घेतला होता. त्यात ५९६ नोंदी आणि १३,२६९ गुंडाळ्या आहेत. त्यांतले कितीतरी ग्रंथ आज नाहीत, पण ते होते हे यादीमुळे कळते. ज्यांनी यादी केली नाही, त्यांना आपले काय हरवले हेही सांगता येत नाही.

मराठीत हे काम सरकारी यादीच्या पलीकडे नेले शंकर गणेश दाते यांनी. १८०० ते १९३७ या काळातील छापील मराठी पुस्तकांची त्यांची ग्रंथसूची १९४३ मध्ये निघाली आणि १९३८ ते १९५० चा पुढचा खंड १९६१ मध्ये. नजर ठेवण्यासाठी केलेली यादी आणि भाषेच्या प्रेमापोटी केलेली यादी यांत काय फरक असतो, ते या खंडांत दिसते. दात्यांनी सीमा संस्थानाची वा इलाख्याची धरली नाही, भाषेची धरली. तरीही तो छापील ग्रंथांचा संसार आहे. पाटांगणची पोथी किंवा पासोडी त्यात यायची नव्हती.

दाते जिथे थांबले तिथून पुढचे काम बीडसारख्या जिल्ह्यातच सुरू होऊ शकते, कारण इथे मठ, देवघरे आणि घराण्यांतले पोथ्यांचे रुमाल अजून आहेत. बीड, अंबाजोगाई, पाटोदा, केज, माजलगाव असे तालुकावार पोथीसूचीचे काम हाती घ्यावे. प्रत्येक नोंदीत शक व संवत्सर ताडून दिलेला काळ, लेखनिकाचे नाव, मालकीची परंपरा, कागद वा कापड, लिपी बाळबोध की मोडी की महानुभावांची सांकेतिक, आणि पहिल्या व शेवटच्या पानाचे छायाचित्र असावे. पोथी जिथे आहे तिथेच राहावी, नोंद सर्वांना खुली असावी. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे मराठी आणि इतिहास विभाग हे काम विद्यार्थ्यांच्या हातून करून घेऊ शकतात. साठ संवत्सरांचा हिशेब शिकायला एक तास पुरतो आणि मोडी वाचायला काही महिने. मराठीची ग्रंथविद्या स्वतःच्या पायावर उभी राहायची असेल, तर तिची परिभाषा आणि तिचे रकाने या पोथ्यांतूनच घडवावे लागतील. एकनाथांनी १५८४ साली या कामाची पद्धत लिहून ठेवलेली आहे.