आईची माया, अफू आणि एक गोळी

आज एका औषधाची गोष्ट सांगतो. नाव नाल्ट्रेक्सोन. अफू-हेरॉइनसारख्या पदार्थांचा मेंदूवरचा परिणाम ते अडवतं. अमेरिकेत १९८४ साली त्याला मंजुरी मिळाली, ती व्यसनमुक्तीसाठी. मग ते चार-पाच वर्षांच्या स्वमग्न मुलांपर्यंत पोचलं कसं?

१९७५ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत अफूसारखं काम करणारे पदार्थ सापडले. म्हणजे मेंदू स्वतःच स्वतःची अफू तयार करतो!

तिकडे अमेरिकेत याक पँकसेप प्राण्यांची पिल्लं बघत होते. आईपासून तोडलेलं पिल्लू रडतं, आणि मॉर्फिनचा छोटासा डोस दिला की गप्प होतं. आपल्या माणसाजवळ मिळणारी शांतता याच पदार्थांतून येत असावी, असं त्यांना वाटलं. १९७९ मध्ये त्यांनी पुढचा अंदाज मांडला. स्वमग्न मुलांच्या मेंदूत हे पदार्थ जास्त असतील, तर? मग कुणाची ओढ वाटणार नाही आणि दुखणंही कमी जाणवेल. काही मुलं भिंतीवर डोकं आपटत राहतात, त्याचंही उत्तर यात मिळत होतं.

त्या काळात हा अंदाज किती मोलाचा वाटला असेल बघा. तोवर कित्येक डॉक्टर आईलाच दोष द्यायचे. तिनं माया केली नाही, म्हणून मूल असं झालं म्हणे! आता कारण मेंदूत शोधलं जात होतं, आणि अडवणारी गोळीही हाताशी होती.

मग आली खरी परीक्षा. न्यूयॉर्कमध्ये मॅग्डा कॅम्पबेल यांच्या गटानं ४१ लहान मुलांवर चाचणी केली. काहींना नाल्ट्रेक्सोन, काहींना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. कुणाला काय दिलंय, हे मुलांना तपासणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. १९९३ साली निकाल छापून आला. मुलांची अतिचंचलता कमी झाली. स्वतःला इजा करणं थोडं कमी झाल्यासारखं दिसलं, पण ठामपणे सांगण्याइतकं नाही. स्वमग्नतेची मूळ लक्षणं मात्र होती तशीच राहिली.

मला या गोष्टीत पँकसेपइतक्याच कॅम्पबेलही मोठ्या वाटतात. सुंदर अंदाजावर विश्वास ठेवणं सोपं असतं. त्यात थकलेल्या आईबापांना तर मुलानं एकदा वळून पाहिलं तरी गुण आला असं वाटणारच. म्हणून उद्या ‘स्वमग्नता बरी करणारी गोळी’ असा फॉरवर्ड आला, तर एवढंच विचारा: औषध नसलेली गोळी घेणाऱ्या मुलांचं काय झालं?

भेटू पुढच्या भागात!