क्लास-डी ॲम्प्लिफायर मॉड्यूल: बोर्डावरचे वॅट आणि खरे वॅट

घरातली जुनी म्युझिक सिस्टीम बंद पडलेली असते, पण तिचे स्पीकर मात्र ठणठणीत असतात. ते मोबाइलला जोडायचे तर मध्ये ॲम्प्लिफायर लागतो. ऑनलाइन शोधलं की शंभरेक रुपयांच्या चिमुकल्या बोर्डापासून पाच आकडी किमतीच्या मॉड्यूलपर्यंत सगळं समोर येतं, आणि बहुतेकांवर वॅटचा मोठा आकडा छापलेला असतो. मी गेल्या काही वर्षांत असे पाच-सहा बोर्ड वापरले, त्यातला एक जाळलाही. त्या अनुभवावरून सांगतो, वॅटचा आकडा सगळ्यात शेवटी बघा.

आधी थोडक्यात क्लास डी म्हणजे काय. यातला 'डी' डिजिटलचा नव्हे. ए, बी, सी ही अक्षरं वापरून झाली होती, म्हणून पुढचं अक्षर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ४४४० आयसीचे बोर्ड विकले जातात, ते जुन्या क्लास एबी पद्धतीचे. त्यात ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहतात आणि बरीच वीज नुसती उष्णता बनून जाते. क्लास डीमध्ये ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद, आणि हे सेकंदाला लाखो वेळा. किती वेळ चालू राहायचं हे गाण्याचा सिग्नल ठरवतो. शेवटी कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर ती फडफड गाळून आवाज तेवढा पुढे सोडतो. चांगल्या चिपमध्ये, आवाज मोठा असताना, ९० टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोहोचते.

खरे वॅट कसे काढायचे

या बोर्डांचं आउटपुट बहुतेक वेळा ब्रिज पद्धतीचं असतं. त्यासाठी सोपं गणित आहे: सप्लायच्या व्होल्टचा वर्ग करा आणि स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा. १२ व्होल्टचा ॲडॉप्टर आणि ८ ओहमचा स्पीकर असेल तर १४४ भागिले १६, म्हणजे ९ वॅट. बोर्डावर '५० वॅट + ५० वॅट' लिहिलेलं असलं तरी ९च. जुन्या लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या चार्जरवर तोच स्पीकर साधारण २२ वॅटपर्यंत जातो. ४ ओहमचा स्पीकर लावला तर आकडा दुप्पट, पण तेवढा करंट चिपला आणि ॲडॉप्टरला झेपला पाहिजे. राउटरचा १२ व्होल्ट १ अँपिअरचा ॲडॉप्टर दोन्ही चॅनेल मिळून १२ वॅटच्या पुढे सतत देऊच शकत नाही.

दुसरी मेख डिस्टॉर्शनची. चिप कंपन्या मोठा आकडा १० टक्के डिस्टॉर्शनला मोजून देतात, म्हणजे आवाज उघड फाटलेला असताना. टीपीए ३२५५ या चिपचा मथळ्यातला आकडा ४ ओहमला ३१५ वॅट आहे. १ टक्का डिस्टॉर्शनला तो २६० वर येतो. आणि कंपनी हे निदान लिहिते तरी. स्वस्त बोर्डवाले तेही लिहीत नाहीत.

तरी घाबरू नका. छोट्या खोलीत आपण रोज ज्या आवाजात गाणी ऐकतो, त्याला साधारण एखादा वॅट लागतो. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका.

मग कोणतं घ्यायचं?

पीएएम ८४०३ हे सगळ्यात स्वस्त. ५ व्होल्टवर चालतं, मोबाइलच्या चार्जरवरसुद्धा. ४ ओहमला ३ वॅटच्या आसपास, तेही १० टक्के डिस्टॉर्शनला. टेबलावरच्या छोट्या स्पीकरला ठीक.

मी जाळलेला बोर्ड हाच. बाबांच्या जुन्या स्पीकरची वायर भिंतीतून नेलेली होती, आणि वायर वाचवायला दोन्ही स्पीकरची निगेटिव्ह एकच ठेवलेली. जुन्या ॲम्पला ते चालायचं. ब्रिज आउटपुटमध्ये मात्र 'निगेटिव्ह' ही ग्राउंड नसते, तिच्यावरही सिग्नल असतो. मी तशीच जोडणी केली. आवाज फाटका आला, चिपवर बोट ठेववेना, आणि दोन मिनिटांत सगळं शांत. बाबा म्हणाले, "इंजिनीअर ना तू?" स्पीकर वाचले हे नशीब. तेव्हा दोन स्पीकर म्हणजे चार स्वतंत्र वायरी, आणि कोणतीही निगेटिव्ह ग्राउंडला लावायची नाही.

बहुतेकांनी घ्यावं असं मी ज्याला म्हणेन, ते टीपीए ३११६. चिप २६ व्होल्टपर्यंत चालते आणि २१ व्होल्टवर ४ ओहमला ५० वॅट देते (पुन्हा, १० टक्क्यांवर). तिचाच भाऊ टीपीए ३११८. त्याची उष्णता खाली बोर्डात जाते, तर ३११६ला वर हीटसिंक लागतो. एकाच चिपचे बोर्ड मात्र एकसारखे नसतात. माझ्याकडच्या एका बोर्डावर '२४ व्होल्ट चालेल' असं लिहिलंय आणि सप्लायचे कपॅसिटर आहेत २५ व्होल्टचे. इतक्या काठावर चालवू नका. ३५ व्होल्टचे कपॅसिटर असलेला बोर्ड बघा, नाहीतर १९ व्होल्टवर थांबा. कॉइल बोटाच्या पेराएवढ्या जाडजूड हव्यात. फोटोत हीटसिंकखाली चिप लपलेली असेल तर आत नक्की काय आहे ते देवालाच ठाऊक.

गाणं बंद असताना 'स्स्स' ऐकू येत असेल तर गेन बघा. या चिपमध्ये २०, २६, ३२ आणि ३६ डेसिबल असे चार पर्याय रेझिस्टरने ठरतात, आणि स्वस्त बोर्डवाले मोबाइलवरून आवाज मोठा वाटावा म्हणून वरचा ठेवतात. २० किंवा २६ पुरतो. ब्लूटूथ आतच असलेले बोर्ड मी टाळतो. ॲम्पच्याच सप्लायवर चालणाऱ्या ब्लूटूथचा किणकिण आवाज माझ्या दोन्ही बोर्डांत स्पीकरमधून यायचा. वेगळा रिसीव्हर घेऊन वेगळ्या चार्जरवर लावला की प्रश्न मिटला.

टीपीए ३२५५ची गरज मोठ्या हॉलला किंवा सबवूफरला. ५० व्होल्टच्या आसपासचा सप्लाय लागतो आणि चांगला सप्लाय बोर्डापेक्षा महाग पडू शकतो, हे हिशेबात धरा.

त्याच्याही वर नेदरलँड्सच्या हायपेक्सची मॉड्यूल. ब्रुनो पुत्झेस या इंजिनीअरने फिलिप्समध्ये असताना एक रचना केली, ज्यात चूक सुधारणारा फीडबॅक फिल्टरच्या नंतरून घेतला जातो. साध्या बोर्डात तो फिल्टरच्या आधी घेतात, त्यामुळे ४ ओहमच्या जागी ८ ओहमचा स्पीकर लावला की सगळ्यात वरच्या सुरांची पातळी थोडी बदलते. हायपेक्समध्ये हा फरक जवळजवळ उरत नाही. पण यातली काही मॉड्यूल थेट २३० व्होल्टवर चालतात, आणि प्लग काढल्यावरही त्यांच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो. पहिल्यांदाच सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं असेल तर इकडे वळू नका. बंद डब्यातला तयार ॲडॉप्टर आणि ३११६, एवढ्यावर राहा.

बाबांच्या स्पीकरवर सध्या टीपीए ३११८ आहे, लॅपटॉपच्या जुन्या चार्जरवर. भिंतीतली वायर बदलायला मात्र अख्खा रविवार गेला.