एका शब्दाचे पक्षांतर

इंग्रजांनी हिंदुस्थानात केलेल्या लढायांचा इतिहास इंग्रजीतून वाचताना मराठी वाचकाला एक लहानसा शब्द वारंवार अडवतो. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात निझामाची फौज इंग्रजांच्या बाजूने टिपू सुलतानावर चालून गेली होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर शिंदे आणि भोसले यांच्या फौजा त्याच इंग्रजांच्या समोर उभ्या ठाकल्या. हे दोन्ही प्रसंग इंग्रजीत 'फॉट विथ द ब्रिटिश' या एकाच शब्दप्रयोगाने सांगता येतात. पहिल्या ठिकाणी 'विथ' म्हणजे बरोबर. दुसऱ्या ठिकाणी 'विथ' म्हणजे विरुद्ध. मित्र कोण आणि शत्रू कोण हे ज्या शब्दाने सांगायचे, तोच शब्द दोन्हीकडे मान डोलावतो! मराठीत लिहिणाऱ्यावर हे संकट येत नाही. निझामाची फौज इंग्रजांबरोबर लढली आणि शिंदे इंग्रजांशी लढले, एवढे म्हटले की घोटाळ्याला जागा उरत नाही. परंतु एखाद्या अनुवादकाने 'विथ' दिसताच डोळे मिटून 'सह' लिहिले, तर शिंद्यांची फौज वेलस्लीच्या छावणीत जाऊन बसेल.

हा घोटाळा इंग्रजी भाषेत आला कसा, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. जिला प्राचीन इंग्रजी म्हणतात, त्या भाषेत 'विथ'चा मूळ अर्थ 'विरुद्ध', 'समोर' असा होता. 'बरोबर' या अर्थी त्या काळी निराळाच शब्द होता, तो म्हणजे 'मिड'. जर्मन भाषेतील 'मिट' आणि डच भाषेतील 'मेट' हे या 'मिड'चेच भाऊबंद. नवव्या शतकाच्या अखेरीस, आल्फ्रेड राजाच्या कारकिर्दीत, इंग्लंडमध्ये एक बखर लिहिली जाऊ लागली. ती 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या नावाने प्रसिद्ध आहे. ८७१ साली ॲशडाऊन येथे वेसेक्सचा राजा एथेलरेड आणि त्याचा भाऊ आल्फ्रेड यांनी डेन लोकांच्या सैन्याशी लढाई दिली. ही हकीकत सांगताना बखरकार शत्रूच्या उल्लेखामागे 'विथ' हाच शब्द योजतो. राजासोबत कोण होते हे सांगायचे असले, म्हणजे त्याच्या लेखणीतून 'मिड' उतरतो. शत्रूला 'विथ' आणि सोबत्याला 'मिड' अशी ती चोख वाटणी होती.

मग विरोधाचा शब्द सोबतीचा कसा झाला? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा त्याच ८७१ सालच्या नोंदीत सापडतो. त्या वर्षी अनेक लढाया झाल्या, एथेलरेड मरण पावला, आल्फ्रेड गादीवर आला आणि अखेर वेसेक्सच्या लोकांनी डेन सैन्याशी तह केला. हा तह नोंदवतानाही बखरकाराने 'विथ'च वापरला आहे. लढाई असो वा तह, दोन पक्ष समोरासमोर येतातच. बोलणे, सौदा करणे, करार करणे या क्रियाही समोरासमोर उभे राहिल्यावाचून होत नाहीत. 'विथ'चा खरा गाभा वैर हा नसून समोरासमोर असणे हा होता. तलवारी म्यान झाल्या, बोलणी सुरू झाली, करार ठरला, की समोर उभा असलेला मनुष्य हळूहळू शेजारी येऊन बसतो. शब्दाच्या अर्थानेही तीच वाट धरली.

या वाटचालीला बाहेरूनही हातभार लागला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. उत्तरेकडून आलेले डेन लोक इंग्लंडच्या मोठ्या भागात वस्ती करून राहिले आणि १०१६ साली त्यांच्यापैकी कनूट हा इंग्लंडचा राजाही झाला. त्यांच्या भाषेत याच शब्दाचे 'विद' हे रूप होते आणि त्याचा अर्थ अधिक सैल होता. विरुद्ध, कडे, जवळ, एवढेच नव्हे तर साधनवाचक अर्थही त्यात सामावत असे. दुसरीकडे लॅटिन भाषेत शत्रूशी लढणे सांगताना 'कुम' हा सोबतीचा शब्द चालत असे. त्या भाषेत वाढलेल्या धर्मपंडितांच्या लेखणीचाही परिणाम झाला असणे शक्य आहे. कारणे अनेक असली तरी परिणाम एकच झाला. तेराव्या शतकापासून 'विथ' सोबतीच्या अर्थाने रूढ होऊ लागला आणि चौदावे शतक संपेपर्यंत 'मिड' व्यवहारातून जवळजवळ नाहीसा झाला. तलवारीने, हाताने अशा साधनाच्या अर्थीही पूर्वी 'मिड' येत असे. तो अधिकारही 'विथ'कडे गेला. विरोधाची जी जागा रिकामी झाली, ती 'अगेन्स्ट' या शब्दाने पटकावली.

पदच्युत झालेल्या 'मिड'ची एक खूण मात्र अद्याप शिल्लक आहे. सुईणीला इंग्रजीत 'मिडवाइफ' म्हणतात. यातील 'वाइफ' म्हणजे पत्नी नव्हे. त्या शब्दाचा जुना अर्थ केवळ 'स्त्री' असा होता. प्रसूतीच्या वेळी जी स्त्रीजवळ सोबतीला असते, ती मिडवाइफ. 'विथ'च्या जुन्या स्वभावाच्या खुणा त्याहून अधिक आहेत. 'विथस्टँड' म्हणजे सोबत उभे राहणे नव्हे, तर विरोधात टिकून उभे राहणे. 'विथहोल्ड' आणि 'विथड्रॉ' या शब्दांतही जवळ येण्याची कल्पना नाही. हातचे राखून ठेवणे आणि मागे घेणे हेच त्यांचे अर्थ आहेत. या शब्दाचे मूळ तर आपल्या घराजवळच पोहोचते. दूर होणे, अलग होणे हा अर्थ असलेल्या ज्या अतिप्राचीन धातुरूपापासून तो आला, त्याचाच वारसा संस्कृतातील 'वि' हा उपसर्ग सांगतो, असे तौलनिक भाषाशास्त्र मानते. वियोग, विभाग, विरोध यांतील 'वि' आणि इंग्रजांचा 'विथ' हे दूरचे नातलग ठरतात. एकाच्या वाट्याला वियोग आला, दुसऱ्याच्या वाट्याला संयोग!

मराठीपुरते पाहिले, तर 'विथ'च्या जुन्या रूपाशी जुळणारे आपले अक्षर म्हणजे 'शी'. शत्रूशी लढावे, शत्रूशी तह करावा, मित्राशी बोलावे, दाराशी उभे राहावे. ॲशडाऊनच्या बखरकाराला हे सारे प्रयोग ओळखीचे वाटले असते. मराठी व्याकरणाने 'शी'ला 'ने'च्या शेजारी तृतीयेत बसवले. परंतु 'बरोबर' आणि 'सोबत' यांची जागा मराठीने 'शी'ला बळकावू दिली नाही. म्हणूनच इंग्रजीत झालेला गोंधळ मराठीत झाला नाही.

हा केवळ शब्दांचा खेळ आहे असे कोणास वाटेल. त्यांनी भारताच्या संविधानाकडे पाहावे. त्यातील कित्येक अनुच्छेदांत 'नॉटविथस्टँडिंग' हा शब्द येतो. लॅटिन कायद्यातील 'नॉन ऑब्स्टान्टे', म्हणजे 'आड न येता', या शब्दांचे ते चौदाव्या शतकातील इंग्रजी रूपांतर होय. त्यातील 'विथ' हा जुना, विरोधाचाच 'विथ' आहे. अमुक तरतूद विरोधात उभी राहणार नाही, असा त्याचा शब्दशः अर्थ. मराठी कायद्याची भाषा तोच आशय 'काहीही असले तरी' या साध्या शब्दांत सांगते. १९५१ साली पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनसुधारणा कायदा समानतेच्या हक्काला बाधक म्हणून रद्दबातल ठरवला. त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने ३१-अ हा अनुच्छेद संविधानात आला आणि त्याचा आरंभ याच शब्दाने झाला. जमीनदारी नष्ट करणाऱ्या कायद्यांच्या आड मूलभूत हक्कांच्या तरतुदी येणार नाहीत, असे त्याने सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ती घटनादुरुस्ती त्याच वर्षी वैध ठरवली. कुळांच्या आणि जमीनदारांच्या भवितव्याचा निर्णय ज्या वाक्यावर अवलंबून होता, त्याच्या पहिल्याच शब्दात हजार वर्षांपूर्वीचा तो विरोध जिवंत होता.

शब्दाचा अर्थ आजच्या कोशात पाहून भागते, असे पुष्कळांना वाटते. नित्याच्या व्यवहारात ते भागतेही. परंतु जुना कागद, तह किंवा लढाईची हकीकत समोर आली, म्हणजे तो शब्द त्या काळी कोणत्या बाजूला उभा होता हे विचारावेच लागते. असईच्या मैदानावर शिंदे कोणाच्या बाजूला होते, हे व्याकरण सांगणार नाही; ते इतिहासालाच विचारले पाहिजे.